चिऱ्याचा चुरा

आमच्या संगमेश्वरच्या घरी पडवीच्या कठड्यावर आजीची कोरफड होती. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, तळाशी फुटक्या कौलाची खापरी आणि वर आप्पांनी चिरेखाणीतून आणलेला चुरा. चिरे हाताने तासले जायचे तेव्हा हरभऱ्याएवढे खडे उडायचे. आजी ते सुपात घेऊन पाखडायची, लाल धूळ उडवून लावायची, आणि दोन ओंजळी खड्यांना एक ओंजळ जुनं शेणखत घालायची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आर्द्रात झड लागली की दोरीवरचं लुगडं चार-चार दिवस वाळायचं नाही. तशा हवेत ती कोरफड माझ्या लग्नापर्यंत टिकली.

चिऱ्याच्या या दगडाला शास्त्रातलं नाव उशिरा मिळालं. फ्रान्सिस बुकानन मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा, मलबार फिरला. मलबारात अंगाडिपुरमजवळ त्याने तो पाहिला: खणताना मऊ, लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा आणि वारा लागला की विटेसारखा टणक. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. आमच्याकडे तो जांभा. घरं, विहिरी, गडगे सगळे त्याचेच. अंगभर भोकं असल्याने त्याचा खडा आत थोडं पाणी धरतो, आणि दोन खड्यांमधून वारा खेळता राहतो.

मांसल पानांच्या झाडांना हा वारा का लागतो, त्याचा धागाही हिंदुस्थानातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन याने १८१३ साली एका पत्रात लिहिलं: पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत आंबटपणा जातो. त्यामागचं कारण पुढे कळलं. ही झाडं पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून घेतात. त्यामुळे मातीतलं पाणी ती फार सावकाश ओढतात. भिजलेली कुंडी भिजलेलीच राहते, आणि मुळं कुजतात.

दमट इंग्लंडातही कुंडीच्या मातीचा विचार झाला. १९३०च्या दशकात जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि नेवेल यांनी सर्वसाधारण कुंड्यांसाठी प्रमाण ठरवलं: ७ भाग पोयट्याची माती, ३ भाग पीट, २ भाग जाड वाळू. निवडुंगवाले त्यात आणखी खडी मिसळत.

आजीचं झाड तळाच्या खापरीने वाचलं असं मी कितीतरी वर्षं मानत होते. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब झाल्यावरच ते गळतं. म्हणजे खापरीमुळे ओला थर उलट मुळांकडे वर सरकतो. कोरफड वाचवली ती आजीच्या पाखडण्याने.

आता नर्सरीतलं रोप कोकोपीटमध्ये येतं. तो आपल्याच नारळाच्या सोडणाचा भुसा, पाणी धरून ठेवण्यात पटाईत. उन्हाळ्यात ठीक, पण श्रावणात तो वाळतच नाही. डोंबिवलीला लेकीने आणलेल्या तीन रोपांची मुळं गेल्या पावसात काळी पडली.

खाणीत आता यंत्राचं पातं फिरतं, खडे थोडे आणि लाल पीठच फार. मी ते गव्हाच्या चाळणीने चाळते. यंदा मृगाच्या आधी अर्धं पोतं जमलं. कोकण रेल्वेत बाकाखाली सरकवून लेकीकडे नेलं.