पाकिटावरची बारीक अक्षरे

खडकीत काडतूस हा शब्द कुणाला परका नाही. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याआधी बारा वर्षं, १८५७ मध्ये, काडतुसाला गायीची नि डुकराची चरबी लावल्याची बोलवा उठली आणि हिंदू-मुसलमान शिपाई एकत्र बिथरले. दातांनी फोडायच्या वस्तूत काय आहे, हे त्यांना कुणी नीट सांगत नव्हतं.

५ जून २०१५ ला अन्न प्राधिकरणाने मॅगी बाजारातून परत मागवली. शिसं जास्त, शिवाय पाकिटावर ‘एमएसजी घातलेलं नाही’ हा दावा. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली : कंपनीचं म्हणणं ऐकलंच नव्हतं, तपासणीच्या प्रयोगशाळाही रीतसर मान्यतेच्या नव्हत्या. मला निकाल पटला. नंतर तीन प्रयोगशाळांत नमुने उतरले. पण तोवर हजारो टन मॅगी जाळून झाली होती.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला शेंगदाणा चालत नाही. २०२० च्या नियमांनी पाकिटावर शेंगदाणा, दूध, गहू जाहीर करावे लागतात. सुट्या मिठाईच्या ताटावर तारीख असते, घटक मात्र विचारावे लागतात. गेल्या ईदला तिच्या अम्मीने काजूकतलीबद्दल विचारलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, “बाजी, काजूच आहे.” घरी तासाभरात पोरीचे ओठ सुजले.

आता ती स्वतः विचारते, दोनदा.