तोलाचे थर : कॅमेरा ड्रोनच्या उड्डाण-मोडची जडणघडण

चार पंख्यांच्या यंत्राला उपजत तोल नसतो. विमानाचे पंख आणि शेपटी यांची रचनाच अशी असते की वाऱ्याच्या झोताने त्याचे नाक वर उचलले गेले तरी ते आपोआप मूळ स्थितीकडे वळते. ड्रोनच्या चौकटीत असे काहीही नसल्यामुळे त्याचा तोल क्षणोक्षणी घडवावा लागतो, म्हणजे आपण किती कललो हे संवेदकांनी टिपायचे आणि त्यानुसार प्रत्येक पंख्याचा वेग सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त करायचा. साहजिकच या यंत्राच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः मापनाचा इतिहास ठरतो, आणि आज रिमोटवर दिसणारे उड्डाण-मोड, म्हणजे उडताना किती काम यंत्राने करावे व किती चालकाने करावे हे ठरवणाऱ्या अवस्था, हे त्या इतिहासातील एकेका टप्प्याचे अवशेष आहेत.

मापनाची साधने नव्हती तेव्हा हा तोल माणसांना सांभाळावा लागे. 1907 मध्ये फ्रान्समधील दुए येथे ब्रेगे बंधूंचे चार पंख्यांचे यंत्र जमिनीवरून जेमतेम उचलले गेले, तेव्हा त्याचे चारही कोपरे माणसांनी धरून ठेवलेले होते. 1924 मध्ये फ्रेंच अभियंते एतिएन एमिशेन यांनी अनेक पंख्यांच्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला खरा, पण पुढील कित्येक दशके हा आराखडा जवळपास बाजूलाच पडला. तोलाचे काम यंत्रावर सोपवता येते हे मात्र विमानाच्या बाबतीत त्याआधीच सिद्ध झालेले होते. जून 1914 मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर अमेरिकी वैमानिक लॉरेन्स स्पेरी यांनी हात वर करून विमान उडवून दाखवले, कारण भोवऱ्याप्रमाणे फिरत राहून आपली दिशा न सोडणारा जायरोस्कोप त्यांच्या विमानाचा तोल राखत होता.

हा जायरोस्कोप नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपमध्ये मावू लागला आणि मोटारी, खेळयंत्रे व मोबाइल फोन यांच्यामुळे स्वस्त झाला, तेव्हा हौशी मंडळींना चार पंख्यांची यंत्रे घरी जोडता येऊ लागली. केवळ जायरोच्या आधारे उडण्याची जी अवस्था, तिला मॅन्युअल मोड म्हणत. जायरो फक्त वळण्याचा वेग मोजतो, त्यामुळे या मोडमध्ये रिमोटवरील स्टिक सोडली तरी यंत्र कललेलेच राहते आणि ते सरळ करण्याचे काम चालकाच्या बोटांवर येते. गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा त्वरणमापक जोडला गेल्यावर स्टिक सोडताच यंत्र आडवे होऊ लागले, आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर आल्यावर ते एका उंचीवर टिकूही लागले. हा अ‍ॅटिट्यूड, म्हणजेच प्रचारातला अ‍ॅटी मोड होय. त्यात यंत्र सरळ राहते, उंची धरते, पण आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. वारा असेल तर ते शांतपणे, एकाच पातळीत, वाऱ्याबरोबर वाहत जाते.

जागेवर थांबण्याची किमया उपग्रहांमुळे साधली. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात जाणीवपूर्वक ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि शंभर मीटरांच्या घरातील चूक काही मीटरांवर आली. शेंझेन येथील डीजेआय या कंपनीच्या नाझा नियंत्रकाच्या बटणावर मॅन्युअल, अ‍ॅटी आणि जीपीएस हे तिन्ही मोड शेजारीशेजारी नांदत होते, आणि जानेवारी 2013 मध्ये त्याच कुळातील नियंत्रक बसवलेला फँटम बाजारात आल्यावर सुटे भाग न जोडता उडवता येणारा जीपीएसयुक्त ड्रोन सामान्य ग्राहकाच्या हाती पडला. रिटर्न टू होम, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटल्यास आपणहून उड्डाणस्थळी परतण्याची सोय, याच पिढीत रूढ झाली. पुरेसे उपग्रह मिळाल्यावर यंत्र होम पॉइंट, म्हणजे परतण्याची जागा, नोंदवी. संपर्क तुटला आणि आपण वीस मीटरांच्या खाली असलो तर आधी तेवढी उंची गाठी, मग सरळ रेषेत परत येऊन उतरे. वाटेत पंचवीस मीटरांचे झाड असेल तर ते त्याला दिसत नसे. घाईच्या चालकाने उपग्रह मिळण्याआधीच उड्डाण केले, तर पुढे नोंदलेला होम पॉइंट तळ्यावर किंवा गर्दीवरही असू शके. होकायंत्र जुळवण्यासाठी यंत्र हातात धरून आधी आडवे आणि मग नाक खाली करून स्वतःभोवती फिरवण्याचा विधी नवख्याला निरर्थक वाटे, परंतु लोखंडी सळयांच्या स्लॅबवर उभे राहून तो केला तर यंत्राचा उत्तरेचा अंदाज चुके, आणि एका जागी थांबण्याच्या प्रयत्नात ते वाढत्या घेरात गोल फिरू लागे.

यंत्राला दृष्टी मात्र वेगळ्या वाटेने आली. 2010 मध्ये फ्रेंच कंपनी पॅरटने दाखवलेला, आयफोनवरून चालणारा एआर ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमिनीवरील खुणांची हालचाल पाही, ध्वनिलहरींनी उंची मोजी आणि उपग्रहांशिवायही घरात स्थिर राही. मार्च 2016 च्या फँटम 4 मध्ये समोरचा अडथळा ओळखून थांबण्याची सोय आली, आणि त्याच यंत्रात स्पोर्ट मोडही आला. या मोडमध्ये वेग ताशी 72 किलोमीटरपर्यंत जातो, पण अडथळे टाळण्याची सोय बंद असते, कारण त्या वेगात समोरची भिंत दिसली तरी थांबायला अंतर उरत नाही. हे न समजता केवळ वेगाच्या मोहाने बटण सरकवणारे चालक अपघाताला स्वतः आमंत्रण देतात. शांत पाण्यावर, अंधारात आणि विजेच्या बारीक तारांसमोर कॅमेऱ्यांची ही नजरही अधू पडते.

याच सुमारास एक महत्त्वाचा बदल फारशी चर्चा न होता घडला. डीजेआयच्याच सप्टेंबर 2016 च्या मॅव्हिक प्रो या ड्रोनच्या रिमोटवरून अ‍ॅटी मोडचे बटण नाहीसे झाले. यंत्रातून मात्र तो मोड गेला नाही. उपग्रह आणि कॅमेरे दोन्ही निकामी झाले, की आजचा ड्रोनही त्याच जुन्या अवस्थेत उतरतो आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतो. पूर्वीचा चालक त्या मोडमध्ये सराव करून तयार झालेला असे. नव्या चालकाची त्याच्याशी पहिली गाठ उंच इमारतींच्या मधोमध, ऐन संकटात पडते. सोय वाढवताना सरावाची संधी काढून घेणे हा निर्मात्यांचा निर्णय विक्रीच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने तो चुकीचाच होता.

यंत्राने चालकाचे ऐकू नये, अशीही एक सोय पुढे आली. जिओफेन्सिंग, म्हणजे नकाशावरील निषिद्ध क्षेत्रात उड्डाण रोखणारी अदृश्य कुंपणे, 2014 मध्ये विमानतळांभोवती घातली गेली. जानेवारी 2015 मध्ये व्हाइट हाउसच्या आवारात एक फँटम कोसळल्यानंतर वॉशिंग्टनभोवती 25 किलोमीटर त्रिज्येचे कुंपण सॉफ्टवेअरमधून आले. भारताने ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती, आणि डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या नियमांत ऑनलाइन परवानगी मिळाल्याशिवाय यंत्राचे पंखेच सुरू होऊ नयेत, अशी अट घातली. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी ही अट पुढे ढकलून आकाशाची हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागणी केली. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी चालकाच्या प्रमाणपत्राची गरज ठेवली नाही, मात्र त्याहून जड ड्रोन घेऊन लग्नाचे व्यावसायिक चित्रीकरण करणाऱ्या छायाचित्रकाराला, मग तो साताऱ्याचा असो वा पुण्याचा, ते बंधनकारक केले. जानेवारी 2025 मध्ये डीजेआयने अमेरिकेतील आपली बहुतेक कुंपणे काढून त्यांच्या जागी केवळ सूचना ठेवल्या, तेव्हा तिथे निषिद्ध हद्दीपाशी थांबण्याची जबाबदारी पुन्हा चालकाच्या बोटांकडे आली.