तिरपी रेघ : तट्ट्यापासून टाइल्सपर्यंत

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तळमजल्यावरच्या प्रवेशाची फरशी बदलायची, हे सभेत पाच मिनिटांत ठरले. ती सरळ बसवायची की तिरपी, यावर मात पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. मिस्त्री जिला ‘डायमंड’ म्हणतो ती तिरपी मांडणी तरुण मंडळींना हवी आहे. ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांना ते हॉटेलसारखे वाटते. शिवाय जिन्याच्या पायऱ्यांवर तिरपे रंगीत पट्टे ओढावेत अशीही एक सूचना आहे. संपादक मंडळाने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितले होते, पण तो वार्षिक अहवालांत आहेच. म्हणून म्हटले, या तिरप्या रेघेचाच इतिहास लिहावा.

‘हे आपल्याकडचं नाही’ असे सभेत दोघातिघांनी म्हटले, ते काही खरे नाही. जुन्नरच्या लेण्यांत वेदिकेची नक्षी पाहिली तर ती उभ्या-आडव्या पट्ट्यांची आहे, लाकडी कठड्याची दगडातली नक्कल. पण आपल्या लोणीसारख्या गावातल्या साध्या घरात तिरपी रेघ होतीच. बुरुडाने विणलेला तट्ट्या आठवा. बांबूची पाती दोनांवरून, दोनांखालून जाते आणि पुढच्या ओळीत एक घर सरकते. एवढ्यानेच सगळ्या तट्ट्यावर तिरप्या रेघा उमटतात. कोणी नक्षी म्हणून काढलेली नसते, विणीतूनच ती येते. नातवंडांच्या जीन्सचे कापड उन्हात धरून बघा, तशीच तिरपी वीण तिथेही आहे.

गोठ्याच्या फळ्यांच्या दरवाजाला मागून दोन आडव्या पट्ट्या आणि एक तिरपी पट्टी असायची. त्या पट्टीचे खालचे टोक बिजागरीकडे आणि वरचे टोक कडीकडे. दरवाजाचा भार तिच्यावरून खाली बिजागरीकडे उतरतो, म्हणून दरवाजा लोंबत नाही. उलटी ठोकली तर पट्टी असून नसल्यासारखी. चौकोन ढकलला की तो कलतो, त्रिकोण कलत नाही, हे सुताराला भूमितीच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी जे उपाय सुचवले गेले, त्यांत लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार बसवणे हा एक होता.

आणि रांगोळी! सरळ ठिपके मांडले तर तिरपी रेघ एका उताराने जाते. ‘15 ते 8 मधले ठिपके’ म्हटले की मांडणीच बदलते आणि षटकोनी फूल उमलते. आपल्या आया-आज्यांनी हे सारवलेल्या अंगणात रोज सकाळी केले. सोसायटीच्या दारात दिवाळीला अजून होते, तेव्हा ‘डायमंड’ पाहून कोणी दचकायचे कारण नाही.

फरशीचा इतिहास मात्र शहरातला. मुंबईत भायखळ्याचे आजचे भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुले झाले. तिथली जमीन इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्सची आहे. असल्या टाइल्स बोटीने यायच्या, म्हणजे त्या श्रीमंतांच्या आणि सरकारच्या. 1922 मध्ये मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू झाली आणि सिमेंटच्या रंगीत फरश्या इथेच होऊ लागल्या. पुढे 1930 च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. नागमोडी रेघा, उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या पट्ट्या हे सगळे जाळ्यांत, दारांत, जमिनीत आले. 2018 मध्ये युनेस्कोने त्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गावाकडच्या लोखंडी खिडक्यांत दिसणारी चौकटीतली तिरपी सळई मला तरी त्याच घराण्यातली वाटते.

यावरून भांडणारे आपणच पहिले नाही. हॉलंडमध्ये ‘डी स्टाइल’ नावाचा चित्रकारांचा गट होता. मोंद्रियान फक्त उभ्या-आडव्या रेघा मानायचा. त्याचा सहकारी व्हान डूसबर्ग याने 1924 च्या सुमारास चित्रांत तिरपी रेघ आणली आणि दोघांचे फाटले. डूसबर्गने 1926 ते 1928 मध्ये स्ट्रासबर्गला ‘ऑबेत’ या इमारतीतल्या नाचघराच्या भिंती आणि छत तिरप्या रंगीत चौकोनांनी भरून टाकले. गिऱ्हाइकांना ते रुचले नाही. दहा-एक वर्षांत ती सजावट काढली गेली, आणि कित्येक वर्षांनी वारसा म्हणून पुन्हा केली गेली. आपल्या सभेत निदान कोणी राजीनामा दिला नाही.

आता हिशोब. (नोकरीत माझा तिरप्या रेघेशी संबंध क्रॉस चेकपुरताच, त्या दोन रेघांनी रोख रक्कम हातात न जाता खात्यात जाते.) आपला प्रवेशाचा पॅसेज सहा फूट रुंद आहे. दोन फुटी टाइल सरळ बसवली तर रुंदीत बरोबर तीन बसतात, एकही कापावी लागत नाही. तिरपी बसवली तर कर्ण सुमारे 2.83 फूट. सहा फुटांत दोन बसून वर साधारण चार इंच उरतात, शिवाय दोन्ही कडांना त्रिकोण कापावे लागतात. सरळ कामात पाच टक्के माल जादा धरतात, तिरप्यात दहा ते पंधरा. मजुरीही जास्त. त्या बदल्यात अरुंद पॅसेज डोळ्याला रुंद वाटतो, आणि भिंत थोडी गुण्याबाहेर असेल तर ते लपते. आपली डावीकडची भिंत गुण्यात नाही, हे मी स्वतः दोरी लावून पाहिले आहे. म्हणून प्रवेशापुरते माझे मत तरुणांच्या बाजूने.

जिन्याच्या पट्ट्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. 1917 मध्ये ब्रिटिशांनी आपल्या जहाजांवर काळे-पांढरे तिरपे पट्टे रंगवले. नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराची ही कल्पना. जहाज लपवण्यासाठी नव्हे, तर ते कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चालले आहे हे जर्मन पाणबुडीला समजू नये म्हणून. डोळा फसवणे हेच त्या पट्ट्यांचे काम. पायरीवरून पायरीवर तोच पट्टा उतरत गेला की पायरीची कड दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, दोन हातांत पिशव्या असलेल्या बाईला आणि लाइट गेल्यावर सगळ्यांनाच ते महागात पडेल. रंगच द्यायचा तर प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचाचा एकच सरळ, उठून दिसणारा पट्टा द्यावा, आणि पहिल्या व शेवटच्या पायरीचा आधी द्यावा. टाइल्स मागवताना दोन बॉक्स जास्तीचे मागवून पंपाच्या खोलीत ठेवावेत. पाच वर्षांनी त्याच रंगछटेची टाइल मिळत नाही.