मिराशी आणि उपरी : कचेरीतील सॉफ्टवेअरची हकीकत

पत्रे लिहिणे, हिशेब मांडणे, सभेपुढे ठेवावयाचे तक्ते तयार करणे ही कचेरीतील कामे आज ज्या सॉफ्टवेअरच्या आधाराने घरोघरी चालतात, ते एकदाच मोल देऊन आपलेसे करावे की दरवर्षी वर्गणी भरून वापरावे, हा प्रश्न आता व्यापाऱ्यांपुरता राहिलेला नाही. मुलीचा प्रबंध, आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च, हे सर्व त्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन असते. ह्या प्रश्नाची चर्चा निघाली म्हणजे बहुधा असे गृहीत धरले जाते की, विकत घेणे ही वाडवडिलांची सरळ रीत असून वर्गणी हे काल निघालेले खूळ आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून निवड करू नये असे आम्हांस वाटते.

संगणकाच्या धंद्याचा आरंभच मुळी भाड्याने झाला. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनी छिद्रे पाडलेली कार्डे वाचून बेरजा करणारी आपली यंत्रे विकतच नसे; ती केवळ भाड्याने देई. यंत्र गिऱ्हाइकाच्या कचेरीत उभे असे, पण मालकी कंपनीची. अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरुद्ध चालविलेल्या खटल्यात 1956 साली तडजोडीचा हुकूमनामा झाला, तेव्हा कुठे कंपनीस यंत्रे विकावयास काढणे भाग पडले. यंत्राला कामास लावणारी आज्ञावली ही निराळी वस्तू म्हणून तेव्हा बाजारात जवळजवळ नव्हतीच. ती यंत्राबरोबर येई. 1969 च्या जून महिन्यात ह्याच कंपनीने आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले. परंतु त्यानंतरही तिच्या पुष्कळ आज्ञावल्यांचा आकार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागे.

आपल्याकडे पेशवाईत जमीन कसणारांचे मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग असत, हे वाचकांस ठाऊकच आहे. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. सारा भरीत राहिला तर त्यास सहसा कोणी उठवू शकत नसे. उपऱ्याने ठरल्या मुदतीपुरते कसावे आणि मुदत सरताच धन्याच्या मर्जीकडे पाहावे. ह्या भाषेत सांगावयाचे तर 1975 पर्यंत संगणक वापरणारे बहुतेक सारे उपरीच होते.

त्यांस मिरास मिळवून दिली ती लहान संगणकाने. सीमूर रूबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नाबी यांनी रचलेली वर्डस्टार ही लेखनाची आज्ञावली 1978 साली बाहेर पडली. पुढच्याच वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या जोडीने हिशेबाच्या रकान्यांची व्हिझिकॅल्क आणली. दुकानात पेटी मिळे, पेटीत तबकडी असे, आणि तबकडी घरी आणली की विक्रेत्याचा आणि आपला संबंध संपला. हा व्यवहार किती पक्का होता याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. ब्रिकलिन यांनी व्हिझिकॅल्कची आय. बी. एम. यंत्रावरील जुनी प्रत लोकांस फुकट उपलब्ध करून दिली आहे. ती अवघी 27 हजार बाइटांच्या आसपास भरते, आणि जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या आज्ञावलीच्या मदतीने ती आजही चालते. दुसरे उदाहरण जॉर्ज मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराचे. आपण डॉसच्या जुन्या यंत्रावर वर्डस्टारच्या चौथ्या आवृत्तीत लिहितो आणि ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, असे त्यांनी 2014 साली एका मुलाखतीत सांगितले, तेव्हा श्रोते हसले. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. वर्डस्टार विकणारी कंपनी केव्हाच लयास गेली, पण लेखकाच्या लेखणीला कोणी हात लावू शकले नाही.

अर्थात ह्या काळातही विक्रेत्यांचा संशय जागा होताच. 1983 साली आलेल्या लोटस 1-2-3 ह्या हिशेबाच्या आज्ञावलीची मूळ तबकडी यंत्रात घातल्याखेरीज ती चालत नसे. तबकडी खराब झाली की विकत घेतलेली वस्तू हातची गेली. लोकांच्या त्राग्यामुळे काही वर्षांनी ती अट कंपनीने सोडून दिली. पुढे जे घडले त्याची ही लहानशी चुणूक म्हणावी.

मायक्रोसॉफ्टने आपले ऑफिस प्रथम 1989 मध्ये मॅकिंटॉशवर आणि 1990 मध्ये विंडोजवर आणले, आणि दहा वर्षांत बाजार बहुतेक काबीज केला. 2001 सालच्या ऑफिस एक्स. पी.पासून आज्ञावली बसविल्यावर कंपनीकडून ती चालू करून घेणे आवश्यक झाले. म्हणजे पेटी घरी आली तरी किल्ली दुकानदाराकडेच राहिली. मग 28 जून 2011 रोजी ऑफिस 365 ही वर्गणीची सेवा व्यापारी गिऱ्हाइकांसाठी सुरू झाली आणि जानेवारी 2013 मध्ये ती घरगुती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास निघालेल्या, एकदाच पैसे भरावयाच्या ऑफिस 2013 ला अशी अट होती की, ते ज्या यंत्रावर प्रथम बसविले त्याच्याशीच जखडलेले राहावे. यंत्र बिघडले तर सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर सती जावे! ओरड झाली आणि मार्चमध्ये ती अट मागे घ्यावी लागली. मिरासदाराचा हक्क काढून न घेता मिरासच गैरसोयीची करून ठेवण्याचा हा प्रकार होता, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वर्गणी थकली म्हणजे काय होते, हे पुष्कळांस अनुभवाने माहीत आहे: दस्तऐवज वाचता येतो, पण त्यात लिहिता येत नाही. परंतु वर्गणी न थकताही काय होऊ शकते, हे जुलै 2025 मध्ये दिसून आले. नायरा एनर्जी ह्या भारतीय तेल कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा सुमारे 49 टक्के वाटा आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घालताच मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबविल्या. पैसे पुरते भरले असताही आपल्याच माहितीस आपण मुकलो, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. कारखाना वाडीनारला, माणसे भारतातली आणि टपालाच्या पेटीची किल्ली परमुलखात, ही स्थिती मात्र विचार करण्याजोगी खरी. स्वदेशी पुरवठादाराची वर्गणी भरल्याने हा पेच सुटतो असेही नव्हे. त्याने धनी बदलतो, उपरेपण जात नाही.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. आमच्या मते ह्या हकीकतीचा सर्वांत रसाळ भाग तोच. जर्मनीतील ल्यूनेबुर्ग गावी मार्को ब्योरिस ह्या सोळा वर्षांच्या मुलाने 1985 साली स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली आणि स्टाररायटर ही लेखनाची आज्ञावली विकण्यास आरंभ केला. तिचाच विस्तार होऊन स्टारऑफिस झाले. 1999 मध्ये अमेरिकेच्या सन कंपनीने स्टार डिव्हिजन विकत घेतली. त्याचे कारण सनच्याच एका अधिकाऱ्याने पुढे मोठ्या मौजेने सांगितले आहे: सनमध्ये सुमारे 42 हजार नोकर होते, आणि त्या सर्वांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा एक कंपनीच विकत घेणे स्वस्त पडत होते! 13 ऑक्टोबर 2000 रोजी सनने ह्या आज्ञावलीची मूळ संहिता जगापुढे खुली केली आणि 2002 साली ओपनऑफिसची पहिली आवृत्ती निघाली. 2010 च्या आरंभी ओरॅकलने सनलाच गिळले. नव्या धन्याचा भरवसा न वाटल्यामुळे त्याच वर्षी 28 सप्टेंबर रोजी बऱ्याच कार्यकर्त्यांनी वेगळे बिऱ्हाड केले. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आणि लिब्रेऑफिस हे नाव तेव्हाचे. मालक तीनदा बदलले, तरी वापरणाराच्या हातचे सॉफ्टवेअर कोणास परत घेता आले नाही, कारण मूळ संहिता एकदा खुली झाली होती.

ह्याच मंडळींच्या खटपटीतून ओपन डॉक्युमेंट हा फाईल ठेवण्याचा खुला नमुना सिद्ध झाला आणि 2006 साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. मायक्रोसॉफ्टने आपलाही नमुना पुढे केला. 2008 साली तो मान्य झाला, जरी भारताने त्याविरुद्ध मत दिले होते. हा वाद वरवर तांत्रिक वाटतो, पण गाभा त्यातच आहे. खुल्या नमुन्याची फाईल म्हणजे एक बांधलेले गाठोडे. ते सोडले की आत साधा मजकूर सापडतो, आणि तो कसा वाचावा याचे नियम कोणीही पाहू शकतो.

मराठी माणसास हे वेगळे शिकविण्याची गरज पडू नये. 1990 नंतरच्या दशकात आपल्याकडील छापखान्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवून मजकूर जुळवीत, आणि प्रत्येक विक्रेत्याची बसवणूक निराळी. पुण्याच्या सी-डॅकमधून देवनागरीची साधने निघाली, 1991 मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरीस जागा मिळाली. तरी व्यवहारात ज्याचा त्याचा सवता सुभा चालूच राहिला. लोकांनी रोख पैसे मोजून सॉफ्टवेअर विकत घेतले होते, मिरास पक्की होती. पण आज ती फाईल उघडली, आणि तो टंक यंत्रावर नसला, तर कथेच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा दिसतो. कित्येक दिवाळी अंकांची आणि ग्रंथांची मूळ जुळणी अशा रीतीने निरुपयोगी झाली. शेत आपले आणि विहीर दुसऱ्याची, असा हा प्रकार. आज्ञावलीची मालकी मिळाली तरी नमुना परका असेल तर अर्धाच हक्क पदरी पडतो.

म्यूनिक शहराने 2003 मध्ये मायक्रोसॉफ्ट सोडण्याचे ठरविले आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे वळण्याचे ठरविले, हे प्रतिपक्ष नेहमी सांगतो. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताने एप्रिल 2024 मध्ये 30 हजार सरकारी यंत्रांवर लिब्रेऑफिस बसविण्याचा निर्णय घेतला, हेही सांगावयास हवे. अडचणी खऱ्या आहेत. दुसऱ्याने वर्डमध्ये मांडलेले पान लिब्रेऑफिसमध्ये थोडे हलते, आणि एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे रचलेली गुंतागुंतीची गणिते नेहमीच जशीच्या तशी उतरत नाहीत. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी एकदाच मोल देऊन मिळणारे ऑफिस 2024 घेतले तर आम्ही त्यांस दोष देणार नाही. मात्र ते एकाच यंत्रासाठी असते, चालू करण्यास एकदा इंटरनेट लागते, आणि त्याच्या दुरुस्त्या 9 ऑक्टोबर 2029 पर्यंतच मिळावयाच्या आहेत. ऑफिस 2019 च्या दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. ते चालते, पण नव्या छिद्रांस ठिगळ मिळत नाही.

उरलेल्या बहुतेक कुटुंबांस, ज्यांना पत्र, निबंध आणि घरखर्चाचे रकाने एवढेच लागते, लिब्रेऑफिस पुरून उरते. त्यास खाते लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि मराठीतूनही ते वापरता येते. कोणतेही सॉफ्टवेअर घेताना एक परीक्षा मात्र घरच्या घरी करून पाहावी. इंटरनेट बंद करावे, यंत्र पुन्हा सुरू करावे, जुनी फाईल उघडून त्यात दोन ओळी लिहाव्यात, ती खुल्या नमुन्यात साठवावी आणि शेजाऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहावी. आज्ञावली बसविण्याची मूळ फाईलही पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवावी. आणि ती हरवली तरी, लिब्रेऑफिसच्या संस्थेने आपल्या जुन्या आवृत्त्या संग्रहात जपून ठेवल्या असल्यामुळे, 2011 सालची पहिली आवृत्तीदेखील तेथून उतरवून घेता येते.