वेब सर्व्हर : प्रोसेस व थ्रेड यांचे नियोजन

संगणकजालावरील पृष्ठांच्या मागण्या स्वीकारून ती पृष्ठे पुरविणाऱ्या आज्ञावलीस वेब सर्व्हर म्हणतात. एकाच वेळी येणाऱ्या अनेक मागण्या मर्यादित स्मृतीत कशा भागवाव्यात, हा तिच्या रचनेतील मूळ प्रश्न होय. चालू आज्ञावलीच्या स्वतंत्र स्मृती असलेल्या रूपास प्रोसेस म्हणतात. एकाच प्रोसेसमध्ये तिची स्मृती वाटून घेऊन चालणाऱ्या कार्यधारांना थ्रेड ही संज्ञा आहे. एक प्रोसेस बिघडली, तरी इतर प्रोसेस सुरक्षित राहतात. मात्र प्रत्येकीस पुष्कळ स्मृती लागते. थ्रेडना ती कमी पुरते. परंतु एका थ्रेडमधील गंभीर दोषाने संपूर्ण प्रोसेस बंद पडू शकते.

या प्रश्नाचे स्वरूप कालव्याच्या पाणीवाटपाशी जुळते. कराडजवळील खोडशी येथून निघणारा कृष्णा कालवा सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शेतीस पाणी पुरवितो. कोणत्याही कालव्याची वहनक्षमता ठरलेली असल्याने सर्वांना एकदम पाणी देता येत नाही. पाळ्या लावाव्या लागतात. ज्याची चारी अरुंद, त्याची पाळी लांबते आणि पुढच्यास थांबावे लागते. वेब सर्व्हरच्या बाबतीत मंदगती दूरध्वनिजोडणी ही अशीच अरुंद चारी ठरते.

ऐतिहासिक आढावा : पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत तयार केला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉब मकूल यांनी रचलेला सर्व्हर प्रारंभी प्रत्येक मागणीसाठी नवी प्रोसेस निर्माण करीत असे. मागण्या वाढताच या निर्मितीचाच भार होऊ लागला. त्यावर आधारलेल्या अपाची सर्व्हरमध्ये (१९९५) काही प्रोसेस आधीच निर्माण करून सज्ज ठेवण्याची पद्धत रूढ झाली. २००२ मध्ये प्रसृत झालेल्या अपाचीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोसेस व थ्रेड यांच्या मांडणीचे निरनिराळे प्रकार निवडण्याची सोय झाली. त्यांपैकी एका प्रकारात थोड्या प्रोसेस व प्रत्येकीत अनेक थ्रेड अशी मिश्र रचना होती.

तथापि, या दोन्ही पद्धतींत एक उणीव राहिली. ग्राहक नुसता थांबलेला असला, तरी त्याच्यासाठी एक प्रोसेस वा थ्रेड अडकून पडे. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका यंत्रावर दहा हजार ग्राहक कसे हाताळावेत, हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. ईगर सिसोएव्ह यांच्या इंजिन-एक्स या सर्व्हरने (२००४) त्यास उत्तर दिले. त्यात मोजक्या प्रोसेस हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतात व ज्या जोडणीवर काही घडेल तेवढ्याच जोडणीचे काम करतात. अपाचीच्या २०१२ मधील २·४ या आवृत्तीतही थांबलेल्या जोडण्या वेगळ्या थ्रेडकडे सोपविण्याची पद्धत स्थिर झाली.

वारणा परिसरातील अनुभव : ग्राहकाच्या थांबण्याची किंमत ग्रामीण भागात विशेष जाणवते. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये संगणकजालाची योजना हाती घेण्यात आली. गावोगावी माहितीकेंद्रे उघडून ती दूरध्वनीद्वारे मध्यवर्ती संगणकाशी जोडण्यात आली. उसाचे वजन, खतांची उचल इ. नोंदी पाहण्यासाठी शेतकऱ्यास केंद्रापर्यंत जावे लागे. २००६-०७ च्या सुमारास सात गावांत भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला. शेतकऱ्याने संदेश पाठवावा व मध्यवर्ती संगणकाने नोंद शोधून उत्तर धाडावे, अशी ही पद्धत होती. हा प्रयोग वेब सर्व्हरचा नव्हता. परंतु उत्तर येईपर्यंत जोडणी अडवून न ठेवण्याचे तत्त्व त्यातही दिसते.

नियोजनाची रीत : प्रोसेसची कमाल संख्या ग्राहकांच्या अपेक्षित संख्येवरून न ठरविता उपलब्ध स्मृतीवरून ठरवावी लागते. उदा., एका प्रोसेसला ३० मेगॅबाइट स्मृती लागत असल्यास २५६ प्रोसेसना ७,६८० मेगॅबाइट लागतील. यंत्रात दोनच गिगॅबाइट स्मृती असेल, तर उरलेला भार चकतीवर पडून सर्वच ग्राहकांची सेवा मंदावते. अशा यंत्रावर इतर कामांसाठी अर्धा गिगॅबाइट राखून पन्नासच्या आसपास मर्यादा घालणे इष्ट ठरते. जादा मागण्या काही काळ रांगेत थांबतात. मिश्र रचनेत प्रोसेसची संख्या व प्रत्येकीतील थ्रेड यांचा गुणाकार ही एकूण मर्यादा होय. अपाचीच्या मूळ मांडणीत ती १६ × २५ म्हणजे ४०० असते. वापरातील इतर आज्ञावल्या थ्रेडसाठी सुरक्षित नसल्यास मात्र स्वतंत्र प्रोसेसच वापराव्या लागतात. एकदा उत्तर दिल्यावर पुढील मागणीसाठी जोडणी किती वेळ उघडी ठेवावी, हेही ठरवावे लागते. अपाचीच्या २·४ आवृत्तीत ही मुदत मुळात पाच सेकंद आहे. प्रत्येक ग्राहकासाठी प्रोसेस राखणाऱ्या सर्व्हरवर ती वाढविल्यास रिकाम्या जोडण्या जागा अडवितात; फार कमी केल्यास मंद जोडणीच्या ग्राहकास प्रत्येक मागणीसाठी जोडणी पुन्हा जुळवावी लागते. त्यामुळे दूरच्या गावातील ग्राहकास उत्तर मिळेल की नाही, हे पुष्कळदा यंत्राच्या किमतीपेक्षा या काही आकड्यांच्या निवडीवर अवलंबून असते.