शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाची उमेदवारी

कोणताही धंदा नावारूपाला आला की तीन प्रश्न उभे राहतात. उमेदवारी किती वर्षांची? पुरा कारागीर कोणाला म्हणायचे? आणि काम बिघडले तर नुकसान कोणाचे? गिरणीत आणि छापखान्यात आम्ही हे प्रश्न पुष्कळदा ऐकले आहेत. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना तेच प्रश्न आम्हांस पुन्हा भेटले. फरक एवढाच, की येथे बिघडते ते कापड नव्हे, माणसाचे मूल असते.

या धंद्याचा आरंभ १८९६ साली फिलाडेल्फिया शहरी झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लाइटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा मुलगा आणला. इतर बाबतींत तो ठीक होता, पण शुद्धलेखन काही केल्या साधत नव्हते. विटमर हे जर्मनीत वुंट यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी मुलाला तपासले, तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष निघाला. शास्त्र खरे असेल तर ते अशा मुलाच्या उपयोगी पडले पाहिजे, या विचाराने त्यांनी त्याच वर्षी चिकित्सालय काढले. पुढे विद्यापीठातील विद्यार्थी तेथे प्रत्यक्ष मुलांवर काम करीत शिकू लागले. उमेदवारी हीच.

परंतु लवकरच एक सोपे हत्यार हाती आले. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. कोणत्या मुलांना जादा मदत हवी, हे ओळखण्याकरिता ती होती. १९०८ साली हेन्री गॉडर्ड यांनी ती अमेरिकेत नेली आणि व्हाइनलँडच्या उन्हाळी वर्गांतून शिक्षकांना शिकविली. काही आठवड्यांच्या तयारीवर लोक मुलांना मंदबुद्धी ठरवू लागले. मदतीचे हत्यार पाहता पाहता शिक्का मारण्याचे यंत्र बनले!

१९१५ साली कनेक्टिकट राज्याने अर्नोल्ड गेसेल यांना नेमले. शालेय मानसशास्त्रज्ञ हे पदनाम धारण करणारे ते पहिले गृहस्थ. पदे वाढत गेली, पण शिक्षणाला एकसारखे माप नव्हते. १९५४ च्या ऑगस्टमध्ये वेस्ट पॉइंट येथील थेयर हॉटेलात अठ्ठेचाळीस जाणकार दहा दिवस बसले. त्यांनी दोन पायऱ्या सुचविल्या: वरची डॉक्टरेटची, आणि खालची दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची. पुरे नाव वरच्या पायरीला, खालच्यास तपासनिसाचे.

येथे आम्हांस कारखान्याची आठवण होते. काम बव्हंशी खालच्या पायरीवरच्यांनी करावे आणि मानाचे नाव वरच्यांकडे राहावे, हे फार दिवस चालत नाही. १९६९ साली शाळांत काम करणाऱ्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली. १९७७ साली मानसशास्त्रज्ञांच्या जुन्या संघटनेने ही पदवी डॉक्टरेटवाल्यांचीच, असा ठराव केला. नवी संघटना मात्र हटली नाही. आज तिच्या मापाप्रमाणे या धंद्यात शिरण्यास पदवीनंतर निदान तीन वर्षांचे शिक्षण लागते. त्यात १,२०० तासांची देखरेखीखालील उमेदवारी असते, आणि त्यांपैकी निदान ६०० तास शाळेतच काढावे लागतात. ही अट आम्हांस फार मोलाची वाटते. पुस्तकातले मूल आणि बाकावरचे मूल ही दोन निराळी मुले आहेत.

तथापि हा झगडा केवळ धंद्यातल्या माणसांचा राहिला असता, तर आम्ही तो येथे आणलाच नसता. काम बिघडल्याचे नुकसान कोणाचे, हे कॅलिफोर्नियाने दाखविले. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीत मोजून त्यांना मंदबुद्धींच्या वर्गात बसविले जाई. १९७० साली डायना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात तडजोड होऊन मातृभाषेत तपासणी करण्याचे ठरले. पुढे लॅरी पी. खटला उभा राहिला. शाळांतील मुलांत काळ्या मुलांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास, पण मंदबुद्धींच्या वर्गांत शेकडा पंचवीसच्या आसपास! १९७९ साली न्यायालयाने, बुद्धिमापनाच्या आधारे काळ्या मुलांना या वर्गांत धाडण्यास मनाई केली. दरम्यान १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला होता आणि भेदभावरहित तपासणीचे बंधन घातले होते. म्हणून आज या उमेदवारांना कसोट्यांबरोबर कायदा, भाषाभेद आणि घरची परिस्थिती यांचाही अभ्यास करावा लागतो. हा धडा विद्यापीठांना आईबापांनी न्यायालयाच्या पायऱ्या चढून शिकविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ही कसोटी आपल्याकडेही आली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोटीची कानडी व मराठी आवृत्ती सिद्ध केली; त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. मुलाला त्याच्या भाषेत विचारावे, ही दृष्टी त्या कामात होती, हे विसरता कामा नये.

चाळीतले, पाड्यावरचे, ऊसतोडीच्या तळावरचे मूल पाटीवर अडखळले, तर त्याचे कारण डोळ्यांत असेल, कानांत असेल, पोटात असेल किंवा परक्या बोलीत असेल. ते शोधायला शिकलेला माणूस हवा, आणि तो शाळेत शिकलेला हवा. त्याचे प्रमाणपत्र अवश्य पाहावे. पण त्याच्या सहीचा कागद मुलाच्या जन्माला चिकटणार असेल, तर त्या कागदाचा जाब विचारण्याचा हक्क आईबापांनी कधीही सोडू नये.