शब्दवेध : वारं

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडे अजूनही कुणाला पक्षाघात झाला, की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कुणी ‘लकवा मारला’ म्हणतं. लकवा मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ तोंड वाकडं होणं एवढाच, आपण तो अख्ख्या अंगाला लावला. वारं मात्र घरचं. आयुर्वेदातल्या ‘वाता’चं ते बोलीतलं रूप, अर्धांगवायूतला वायूही तोच.

आता अशा रुग्णाच्या मेंदूच्या तपासणीच्या कागदावर ‘परफ्यूजन’ येतं. लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणं. कालव्यात पाणी आहे का, हा प्रश्न वेगळा आणि वाफ्याला किती पोचलं, हा वेगळा. परफ्यूजन दुसऱ्याचं उत्तर देतं. निरोगी मेंदूच्या 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळतं. ते 20च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, 10च्या आसपास मरू लागतात.

हे मोजायच्या एमआरआयच्या एका पद्धतीत सुईसुद्धा टोचत नाहीत. मानेतून वर चढणाऱ्या रक्ताच्या पाण्यावरच रेडिओलहरींनी खूण करतात, दोनेक सेकंद थांबून चित्र घेतात, मग खुणेविना दुसरं. दोन्हींतला फरक जेमतेम एक टक्का, आणि त्यातूनच आकडा निघतो! मला हे फार मोठं वाटतं.

वारं म्हटलं की हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. पण मेंदूचं रक्त अडवणारी गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे आधी स्कॅनवर पाहावं लागतं, आणि लोह्याहून नांदेड गाठायचा वेळही त्यातच मोजायचा.